पाचव्या दिवसाची मोजणी

बियाणे चांगले की वाईट हे उगवणशक्तीच्या टक्क्यावरून ठरते, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्यावर कोणी वाद घालत नाही. मे महिन्याच्या अखेरीस पालघर जिल्ह्यातल्या सफाळ्याच्या बाजारात भाताच्या पिशव्यांची थप्पी लागते, तेव्हा गिऱ्हाईक पिशवी फिरवून टॅगवर दोनच गोष्टी बघते: उगवण किती आणि मुदत कधीपर्यंत. उगवण ८० टक्क्यांच्या वर आणि मुदत शिल्लक, म्हणजे सौदा झाला. घरचे बियाणे राखणाराही फार वेगळे करत नाही. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायचे, आठवडा-दहा दिवसांनी सोडून मोड मोजायचे आणि नव्वदच्या आसपास आले की निश्चिंत व्हायचे. २०१९च्या परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन २०२०च्या जूनमध्ये मराठवाड्यात उगवलेच नाही. हजारो तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर घरच्या घरी उगवण चाचणी करा हा सल्ला गावोगाव पोचला. सल्ला चांगलाच होता. पण त्याबरोबर एक समजही पक्का झाला, की उगवण तपासली म्हणजे बियाणे तपासले.

माझे म्हणणे याच्या विरुद्ध आहे. हा टक्का बियाण्याची प्रकृती सांगत नाही. बियाणे अजून मेलेले नाही, एवढेच सांगतो. जिवंत असणे आणि जोमदार असणे यांतले अंतर कोरड्या देशावर कदाचित खपून जाईल. सफाळ्यासारख्या दमट, खाऱ्या पट्ट्यात मात्र त्याच अंतरात हंगाम बुडतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो कच्चा नाही. १९६६च्या बियाणे कायद्याने उगवण आणि शुद्धतेच्या किमान मर्यादा ठरवण्याची सोय केली, १९६८च्या नियमांनी टॅगवर काय छापायचे ते सांगितले. प्रमाणित भातबियाण्याला किमान ८० टक्के उगवण आणि ९८ टक्के भौतिक शुद्धता लागते. भेंडीला ६५ टक्के उगवण पुरते, मिरचीला ६०, वांगी, टोमॅटो आणि कांद्याला ७०. मोजायची रीतही पक्की आहे: शुद्ध दाण्यांतून ४०० घ्यायचे, त्यांचे शंभर-शंभराचे चार वाटे करायचे, ठरलेल्या तापमानाला ठरलेल्या दिवसांपर्यंत ठेवायचे. पुण्यात मोजा की परभणीत, उत्तर जवळपास एकच यावे यासाठी हा सगळा खटाटोप. शिवाय प्रयोगशाळा नुसता मोड मोजते असेही नाही. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले रोपच ती जमेला धरते, वाकडी-कुजकी रोपे वेगळी काढते. या पक्षाचे लोक पुढे विचारतात की जोम म्हणजे नेमके काय, त्याचे एकक कोणते? ज्याला माप नाही त्यावर कायदा करता येत नाही, दुकानदाराला जाबही विचारता येत नाही. शेतकऱ्याकडेही उत्तर तयार असते: उगवण थोडी कमी वाटली तर चार मुठी जास्त टाकू, भाताचे रोप तर राबातच वाढवायचे आहे.

यातला एकही मुद्दा खोटा नाही. तरी त्यांच्यातून जो निष्कर्ष काढतात तो निघत नाही.

प्रयोगशाळेतली चाचणी मुद्दाम सुखाची ठेवलेली असते. २५ अंशांच्या आसपास तापमान, हवे तेवढे पाणी, स्वच्छ कागद किंवा धुतलेली वाळू. वर मातीचा थर नाही, खार नाही, उपटून टाकायला तण नाही. भाताची पहिली मोजणी पाचव्या दिवशी होते आणि अखेरची चौदाव्या दिवशी. ज्या दाण्याने पाचव्या दिवशी भरदार कोंब आणि मुळांचा झुबका काढला तो, आणि ज्याने तेराव्या दिवशी कसेबसे रोप उभे केले तो, टॅगवरच्या टक्क्यात दोघांची किंमत एकच. दोघेही धड रोप, दोघेही जमेला. प्रमाणित रीत म्हणून हे बरोबर आहे, कारण तिला कमाल क्षमता मोजायची असते. पण शेत कमाल क्षमता मागत नाही. पहिल्या आठवड्यात दाणा काय करतो, हे शेत बघते.

ही शंका आजची नाही. सॅक्सनीतल्या थारांट इथे फ्रीडरिश नोबे यांनी १८६९ साली जगातली पहिली बीजपरीक्षण प्रयोगशाळा काढली. उगवण चाचणीचा पाया घालणाऱ्या याच माणसाने १८७६च्या ग्रंथात उगवण्याची क्षमता आणि वर येण्याचा रेटा या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे लिहून ठेवले. पुढे १९११मध्ये जर्मनीतच हिल्टनर यांच्या लक्षात आले, की बुरशी लागलेले धान्य प्रयोगशाळेत उगवते आणि शेतात वर येत नाही. त्यांनी दाण्यांवर ओल्या विटेच्या बारीक खड्यांचा सुमारे ३ सेंटिमीटरचा थर घातला. ज्याच्यात रेटा होता ते रोप थर फोडून वर आले, बाकीची आतच वळली. इंग्लंडमध्ये वाटाण्याचे तसेच झाले. चाचणीत उत्तम ठरलेले काही वाटाणे वसंतातल्या थंड ओल्या जमिनीत कुजत. १९६०च्या दशकात मॅथ्यूज आणि ब्रॅडनॉक यांनी वाटाणे पाण्यात भिजवून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली. ज्या साठ्यातून साखर आणि क्षार जास्त झिरपत होते, तोच शेतात दगा देत होता.

हे झिरपणे समजले की बाकीचे सगळे उलगडते. साठवणीत दाणा म्हातारा होतो, म्हणजे आधी त्याच्या पेशींची आवरणे झिजतात. असा दाणा भिजला की लगेच वाढायला लागत नाही. आधी आतली डागडुजी करतो, मग वाढतो. झीज थोडी असेल तर डागडुजी तासांत होते, जास्त असेल तर दिवस लागतात, फारच असेल तर होतच नाही आणि दाणा मरतो. म्हणजे म्हातारपण पहिल्यांदा दिसते ते वेगात. टक्क्यात ते सगळ्यात शेवटी उतरते.

याचे गणित भातावरच मांडले गेले, तेही सफाळ्यासारख्याच दमट किनाऱ्यावर. ई. एच. रॉबर्ट्स १९६०च्या आसपास पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनच्या रोकुपर इथल्या भात संशोधन केंद्रात काम करत होते. तापमान, ओलावा आणि भाताच्या दाण्याचे आयुष्य यांचा संबंध त्यांनी तिथे बांधला. पुढे १९८०मध्ये एलिस यांच्याबरोबर त्यांनी त्याचे पूर्ण सूत्र दिले. एका साठ्यातले दाणे एकाच दिवशी मरत नाहीत. सुरुवातीला उगवणीची रेषा जवळपास सपाट जाते, मग पठाराची कडा लागावी तशी भराभर खाली कोसळते. आता समजा, दोन पिशव्यांवर ९० टक्के उगवण लिहिली आहे. एक पठाराच्या मध्यावर आहे, दुसरी कड्याजवळ. टॅग दोघींचे एकसारखे. दोन दमट महिन्यांनंतर पहिली ८८वर असेल आणि दुसरी अर्ध्यावर आली असेल. ही दुसरी पिशवी टक्का बघून ओळखता येत नाही. तिचा वेग बघितला असता तर ओळखता आली असती.

आता हे सफाळ्याच्या जमिनीवर आणून बघू. पूर्वेला तांदुळवाडीच्या डोंगराकडची उतारावरची भातखाचरे, पश्चिमेला एडवण, कोरे, दातिवरे असा किनारा आणि दक्षिणेला वैतरणेची खाडी. खाडीलगतच्या खारजमिनीत भात कसे वागते याबद्दल भातशास्त्रात एक गोष्ट पक्की आहे: उगवताना भात खार बऱ्यापैकी सोसते, पण एक-दोन पानांचे कोवळे रोप झाले की तेच भात खाराला फार हळवे होते, आणि पुन्हा फुलोऱ्यात होते. म्हणजे खार जिथे चावत नाही, नेमकी तीच पायरी उगवण चाचणी मोजते. जिथे चावतो ती पायरी सुरू व्हायच्या आत तिचे काम संपलेले असते. हळव्या पायरीतून लवकर पार पडणारे रोप वाचते, तिथे आठवडाभर रेंगाळणारे करपते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ असे खार सोसणारे वाण दिले, त्याचा लाभ मोठा आहे. पण वाण कितीही सोशीक असला तरी पिशवीतला दाणा थकलेला असेल तर तो गुण कागदावरच राहतो.

उतारावर दुसरे संकट. पहिल्या पावसाआधी धूळवाफेवर पेरणारे अजून आहेत. जूनमध्ये एखादी मोठी सर येते, वरची माती चोपून बसते, मग चार दिवस ऊन पडते आणि पापुद्रा धरतो. हिल्टनरने विटेच्या खड्यांनी जे केले ते इथे आभाळ करते.

यावर चार मुठी जास्त टाकण्याचा उपाय ऐकायला सोपा आहे, पण तो चुकीच्या रोगावरचा आहे. दाणे मेलेले असतील तर जास्त टाकून भरपाई होते. दाणे संथ असतील तर जास्त टाकल्याने संथ रोपेच वाढतात. राबात गर्दी होते, लवकर आलेली रोपे उशिरा आलेल्यांवर सावली धरतात आणि आवणीला मजूर लागले की सगळा राब एकाच दिवशी उपटावा लागतो. हाताला लागणाऱ्या जुडीत निम्मी रोपे जाडजूड, निम्मी काडीसारखी. ती काडीसारखी चिखलात बसतात, फुटवे कमी धरतात आणि मागाहून निसवतात. कापणीला एक चूड पिकलेला, शेजारचा हिरवा. मळ्यातल्या भाजीला तर हा उपायच नाही. सफाळ्याच्या आसपासची भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जाते आणि तिथे आठ दिवस आधी आलेल्या तोड्याला भाव असतो. भेंडीचे संकरित बियाणे तोलून-मापून विकत घेतलेले असते, त्याच्या मुठी कोण उधळणार? नांग्या भरून पुन्हा लावलेली भेंडी पहिल्या रांगेला कधीच गाठत नाही.

टक्का दुसऱ्या बाजूनेही फसवतो. नुकत्याच झोडलेल्या भाताचे शंभर दाणे नोव्हेंबरात फडक्यात घातले तर कित्येकदा निम्मेही उगवत नाहीत. ते मेलेले नसतात, सुप्तावस्थेत असतात. ऑक्टोबरच्या पावसात आडवे पडलेले भात लोंबीतच मोड धरत नाही, ते याच सुप्तावस्थेमुळे. काही आठवडे गेले, ऊन लागले की ती सुटते. प्रयोगशाळेत असे दाणे ५० अंशांच्या उबेत काही दिवस ठेवून जागे करतात. म्हणजे नोव्हेंबरातला कमी टक्का निरोगी बियाण्याला बदनाम करतो आणि जूनमधला चांगला टक्का थकलेल्या बियाण्याला सांभाळून घेतो.

साठवणीबद्दलही एक सोयीचा समज आहे, की थंड जागी ठेवले म्हणजे बियाणे टिकते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधले म्हणजे आणखी टिकते. कॅलिफोर्नियातले बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा आडाखा याला चांगले उत्तर देतो. दाण्यातला ओलावा १ टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि तापमान ५ अंशांनी उतरले की तेवढेच. आडाखा ओलाव्याच्या ५ ते १४ टक्क्यांच्या टप्प्यापुरता आहे, पण तेवढा पुरेसा आहे. १४ टक्क्यांचे भात वाळवून १०वर आणले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट आयुष्य. थंडाव्याने हेच साधायचे तर साठा २० अंशांनी गार करावा लागेल. सफाळ्यात कुठला शेतकरी तीस अंशांची खोली दहावर आणणार आहे? एप्रिलचे ऊन मात्र फुकट आहे. फक्त ओलसर दाणा भर दुपारी तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर पसरू नये, त्याने तो आतून भाजतो. सकाळच्या उन्हात, पातळ थरात, वरचेवर हात फिरवत वाळवावे. कायद्यानेही ओलाव्याला दोन मर्यादा ठेवल्या आहेत, त्या याच कारणाने: साध्या पिशवीतल्या भातबियाण्याला १३ टक्के, हवाबंद वेष्टनातल्याला ८. ओले बियाणे हवाबंद केले की ते स्वतःच्याच वाफेत मरते.

मुदतीचेही असेच आहे. टॅगची मुदत चाचणीपासून नऊ महिने, पुन्हा तपासून आणखी सहा. हे महिने सगळीकडे सारखे धरले आहेत. पण बियाणे महिने मोजत नाही, ओलावा मोजते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या आसपास असते. ७५ टक्के आर्द्रतेतच भात १४ टक्क्यांच्या जवळ जाऊन बसते. विणलेल्या प्लास्टिकच्या साध्या पोत्यातून ही हवा आरपार जाते. न विकली गेलेली पिशवी सफाळ्याच्या दुकानात जुलै-ऑगस्ट काढते आणि तीच पिशवी कोरड्या देशावरच्या गोदामात राहते, या दोघींचे नऊ महिने एक कसे? कांद्याचे बी तर मुळातच अल्पायुषी, उघडे राहिले तर एक पावसाळा त्याला पुरतो.

आपल्या जुन्या घरांना हे गणित सूत्राने ठाऊक नव्हते, पण हाताने ठाऊक होते. बियाण्यासाठी पहिल्या झोडणीचे भरलेले भात वेगळे काढायचे, कडकडीत वाळवून पेंढ्याच्या मुड्यात किंवा शेणाने लिंपलेल्या कणगीत भरायचे, वालात राख घालायची, दुधी-दोडक्याचे बी फळातच वाळवून चुलीवरच्या धुरात टांगायचे. चुलीवरची हवा वर्षभर उबदार आणि कोरडी असते, धुराने कीड लागत नाही. गॅस आल्यावर ती जागा गेली आणि बी फडताळात आले, जिथे पावसाळ्यात मीठही पाझरते. म्हणून घरचे बियाणे कमजोर असते या म्हणण्यात अर्धेच तथ्य आहे. घरच्या बियाण्यात खोट नाही, आपण त्याची कोरडी जागा काढून घेतली आहे. झाकण घट्ट बसणारा डबा, तळाशी कोरडा कोळसा किंवा भाजलेला तांदूळ आणि त्यावर खणखणीत वाळलेले बी, एवढे केले तरी ती जागा पुष्कळशी परत मिळते. बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेलाच आहे.

उरतो तो मापाचा आक्षेप. जोम मोजता येत नाही, हे १९५०मध्ये म्हणणे ठीक होते. १९७३मध्ये डलूश आणि बास्किन यांनी जलद जीर्णनाची चाचणी मांडली. तीत सोयाबीनचे दाणे ४१ अंशांवर, जवळजवळ संपृक्त दमट हवेत ७२ तास ठेवतात आणि मग उगवण बघतात. आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटनेने २००१पासून सोयाबीनसाठी ही आणि वाटाण्यासाठी विद्युतवाहकतेची चाचणी आपल्या नियमांत घेतली आहे. तेव्हा माप आहे, रीत आहे, फक्त आपल्या टॅगवर तिला जागा नाही.

पण सगळ्यात साधे माप याहून जवळ आहे. एकाच फडक्यावर, एकाच दिवशी दोन साठ्यांचे शंभर-शंभर दाणे ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत उभी ठेवा, ओल राखा आणि पाचव्या दिवशी उघडा. जोमदार साठ्याच्या ओळीत कोंब जवळपास एका उंचीचे, पांढरीशुभ्र मुळे फडक्याच्या विणीत रुतलेली, उचलायला गेले तर फडके बरोबर येते. थकलेल्या साठ्यात काही कोंब तसेच, काही नुसते टोक काढून थांबलेले, काहींचे मूळ आहे पण कोंब नाही, आणि मधूनमधून दाण्याभोवती बुरशीचा राखाडी फुलोरा, कारण झिरपलेली साखर तिचेच अन्न. चौदाव्या दिवशी दोन्ही ओळी ९० भरतील, पाचव्या दिवशी भरणार नाहीत. घरातले तापमान कमी-जास्त असते म्हणून दोन साठे शेजारी ठेवून तुलना करणे महत्त्वाचे, आणि सुप्तावस्थेचा घोळ नको म्हणून हे मे महिन्यात करणे. ज्याला पुढे जायचे असेल त्याने कोंब-मुळाची सरासरी लांबी मोजून टक्क्याने गुणावी. ८८ टक्के आणि १५ सेंटिमीटर म्हणजे १३२०, ८८ टक्के आणि ९ सेंटिमीटर म्हणजे ७९२. टक्का तोच, बियाणे वेगळे. वालाचे तर स्वयंपाकघरातच कळते. बिरड्यासाठी भिजवलेल्या वालाचे पाणी सकाळी गढूळ आणि चिकट झाले असेल तर तो साठा पेरणीचा नाही. न फुगलेला गणंग मात्र मेला असे समजू नये, त्याचे टरफल टणक असते इतकेच. पेरणीआधी भात ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम, बुडवून तरंगणारे काढून टाकण्याची शिफारस कोकणात जुनी आहे. तीही भरीव दाणा निवडण्याचीच रीत आहे, ती सोडू नये.

टक्का टाकून द्या असे मी म्हणत नाही. ८० टक्क्यांच्या खालचे भात घेऊ नका, हे खरेच आहे. पण पाचव्या दिवसाची मोजणी प्रमाणित चाचणीचाच भाग आहे. ती करायला नवे यंत्र लागत नाही, नवा माणूस लागत नाही, तो आकडा प्रयोगशाळेच्या नोंदीत आधीच असतो. टॅगवर येताना मात्र तो गळतो आणि त्याच्याबरोबर विकतेवेळचा ओलावाही कळत नाही. पहिल्या मोजणीचा आकडा टॅगवर छापावा, आणि पावसाळा काढलेल्या पिशवीची मुदत किनारपट्टीत नव्या चाचणीशिवाय धरू नये, ही मागणी पालघर जिल्ह्यातल्या भात उत्पादकांनी कृषी खात्याकडे आणि बियाणे महामंडळाकडे करायला हवी. तोवर येत्या मे महिन्यात पिशवी घेताना दुकानदाराला उगवणीच्या टक्क्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: ही पिशवी गेला पावसाळा कुठे होती, आणि पाचव्या दिवशी किती उगवले होते.